पंडिता रमाबाईंचें घरचें शिक्षण

शिरूरहून न्हावऱ्यावरून दक्षिणेस निघावें, पारगांवापाशीं भीमा ओलांडावी, आणि चौफुल्याच्या वाटेनें पुढें जावें, म्हणजे केडगांव लागतें. दौंडाकडून पुण्यास जाणाऱ्यास तर तें आगगाडीच्या वाटेवरच आहे. तेथील मुक्तिमिशन आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलामुलींनीं पाहिलें असेल. तें स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाईंची हकीकत ह्या भागांत इतक्यांदां सांगितली जाते, कीं त्यांचा विलायतेचा प्रवास, त्यांचा बाप्तिस्मा व दुष्काळांतून आणिलेल्या मुली ह्यांविषयीं विचारलें असतां मुलें घडाघडा उत्तरें देतात. परंतु ह्या बाई लहानपणीं कोणत्या शाळेंत शिकल्या, असें वर्गांत विचारून पाहावें. वर्ग एकदम गप्प होतो. कोणी पुण्याच्या शाळेचें नांव घेतो, कोणी कलकत्त्याच्या. खरी गोष्ट अशी, कीं त्या लहानपणीं कोणत्याच शाळेंत गेल्या नाहींत. ज्या विद्येमुळें मोठमोठ्या पंडितांनीं त्यांना मान दिला, ती सारी विद्या त्यांना आईनें घरीं शिकविली. आणि तेंहि घर नांवालाच, कारण त्या कुटुंबास धड घर असें नव्हतें.

ह्या गोष्टीचा आरंभ रमाबाईंच्या जन्मापूर्वीं बरींच वर्षें पुण्यास झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे दक्षिण कानडा प्रांतांतील माळ गांवचे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणीं ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे ह्यांच्यापाशीं अध्ययन करीत होते. हे शास्त्रीबुवा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविण्याकरितां वाड्यांत जात असत. एक स्त्री शुद्ध संस्कृत म्हणते, ही गोष्ट त्या तरुण विद्यार्थ्याच्या मनांत कायमची घर करून बसली. गांवीं परत गेल्यावर त्यांनीं आपल्या पत्नीस शिकविण्याचें मनांत आणिलें; पण घरच्या वडील मंडळींस तें रुचलें नाहीं, पत्नीसहि गोडी लागली नाहीं, आणि तो बेत तेथेंच राहिला.

पुढें ही पत्नी निवर्तली. अनंतशास्त्री यात्रा करीत गोदावरीकांठीं आले असतां स्नानास आलेल्या एका ब्राह्मणाची व त्यांची गांठ पडली, आणि त्या गृहस्थानें आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊं केली. शास्त्रीबुवांचें वय त्या वेळीं चव्वेचाळीस. दुसऱ्याच दिवशीं लग्न लागलें, आणि ती पोर आईबापांपासून शेंकडों मैल दूर, परक्या मुलखांत गेली. हें वाचून आजच्या आईबापांना वाईट वाटेल, आणि तें वाटावेंच. त्या काळची रूढि म्हणून आपण तिला चांगली म्हणण्याचें कारण नाहीं. मात्र त्या पोरीच्या दैवांत एवढें चांगलें होतें, कीं नवऱ्यानें तिला चुलीपाशीं डांबून न ठेवितां तिच्यापुढें पोथी ठेविली. तीच लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई.

लक्ष्मीबाई संस्कृत शिकते, हें कानोकानीं पसरलें, तेव्हां समाजांत मोठा गहजब झाला. शास्त्रीबुवांना उडुपी येथें धर्मगुरूंपुढें व पंडितांच्या सभेपुढें जाब द्यावा लागला. त्यांनीं वाद टाळला नाहीं. वेदाखेरीज इतर संस्कृत ग्रंथ स्त्रियांनीं शिकण्यास आडकाठी नाहीं, असें त्यांनीं शास्त्रग्रंथांच्या आधारेंच दाखवून दिलें, आणि त्यांस बहिष्कृत करतां आलें नाहीं. वेद मात्र स्त्रीस निषिद्ध, हें त्यांनाहि मान्य होतें. त्यांचें धैर्य त्या कुंपणापर्यंतच गेलें होतें. पण जनांचा त्रास चुकविण्यासाठीं त्यांनीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें, जेथें तुंगा, भद्रा व नेत्रावती ह्या नद्या उगम पावतात, त्या रानांत आपलें बिऱ्हाड नेलें. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला.

रानांतील तें बिऱ्हाडहि फार दिवस टिकलें नाहीं. विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, सर्वांना जेवूं घालण्यांत शास्त्रीबुवांची मिळकत संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असतांनाच सारें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यांत घालून एका माणसाच्या डोक्यावर दिलें, आणि अशा रीतीनें डोंगर उतरून ती जगांत आली. मग पुढें वर्षानुवर्षें हाच क्रम. देवळाच्या आवारांत किंवा नदीच्या घाटावर बसावें, पुराण वाचावें, ऐकणारे जें फूल, फळ, धान्य, दक्षिणा ठेवतील त्यावर निर्वाह करावा, आणि कांहीं दिवसांनीं पुढील क्षेत्राची वाट धरावी. शास्त्रीबुवा, लक्ष्मीबाई, थोरली मुलगी कृष्णाबाई, मुलगा श्रीनिवास आणि शेंडेफळ रमा, अशीं पांच माणसें.

आतां अशा संसारांत मुलीस शिकवावें कोणीं, आणि केव्हां? शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते. त्यांनीं थोरल्या दोघांना शिकविलें, पण धाकटीला शिकविण्याचें बळ त्यांच्या अंगीं उरलें नव्हतें. तें काम लक्ष्मीबाईंकडे आलें. दिवसभर पाणी, सरपण, स्वयंपाक, पोथीवाचन, येणारेंजाणारें माणूस. मोकळा असा क्षण नाहीं. म्हणून त्यांनीं पहांटेची वेळ काढली. उजाडण्यापूर्वीं बऱ्याच आधीं त्या निजलेल्या मुलीस उचलून जवळ घेत, गोड शब्दांनीं जागें करीत, आणि अंधारांतच पाठ सुरू होई. आईनें म्हणावें, मुलीनें तिच्यामागून म्हणावें. आई पुन्हां म्हणे, मुलगी पुन्हां म्हणे. दिवा नाहीं, पाटी नाहीं. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत ही शिकवणी चालली. व्याकरण, कोश आणि त्यांमागून भागवत, असें करीत करीत भागवताचे सुमारें अठरा हजार श्लोक त्या मुलीच्या जिभेवर आले.

आम्हां शिक्षकांना येथें थोडें थांबावेंसें वाटतें. घोकंपट्टीची आजकाल सर्वत्र निंदा होते, आणि पुष्कळ अंशीं ती योग्यच आहे. पण लक्ष्मीबाईंची पद्धति निव्वळ घोकंपट्टी नव्हती. घोकण्यास बसविणारा पंतोजी छडी घेऊन समोर बसतो; ही माउली मुलीस मांडीवर घेऊन बसे. शिवाय जें पाठ झालें तें पेटींत बंद राहत नसे. जो ग्रंथ पहांटे शिकावयाचा, तोच दिवसां लोकांपुढें वाचला जाई. मुलगी स्वतः वाचावयास बसूं लागली, तेव्हां उच्चार चुकला कीं लगेच समजे. शिकलेलें त्याच दिवशीं उपयोगीं पडतें, हें मुलास एकदां दिसलें, म्हणजे त्यास अभ्यासाला बसविण्यासाठीं निराळें आमिष लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट. आईबापांनीं रमाबाईंना मराठी अशी मुद्दाम शिकविलीच नाहीं. संस्कृतावांचून इतर भाषा शिकविणें त्यांना पसंतच नव्हतें. मुलांचा बाहेरच्या जगाशीं फार संबंध येऊं नये, हीच त्यांची इच्छा. परंतु घरांत दोघेंहि शुद्ध मराठी बोलत, मराठी वर्तमानपत्रें व पुस्तकें वाचीत, आणि ऐकून ऐकून मुलीची मराठी व्याकरणशुद्ध झाली. कानडी मुलखांतून जातां कानडी आली, उत्तरेकडे हिंडतां हिंदुस्थानी आली, पुढें बंगाली आली. ह्यांपैकीं एकाहि भाषेची शिकवणी कोणी घेतली नव्हती. बाजारांत भाव विचारतांना, धर्मशाळेंत जागा मागतांना, वाट विचारतांना त्या आल्या. आमच्या शाळेंत शिरूरकडील खेड्यांतून येणाऱ्या मुलांचे आईबाप पुष्कळदां म्हणतात, आम्हांला लिहितां येत नाहीं, आम्ही मुलास घरीं काय शिकविणार? त्यांनीं ह्या गोष्टीचा अवश्य विचार करावा. लक्ष्मीबाई स्वतः लग्न होऊन आल्या, तेव्हां शिकलेल्या नव्हत्याच.

शास्त्रीबुवांनीं आणखी एक धाडस केलें. थोरल्या मुलीचें लग्न त्यांनीं रूढीप्रमाणें लहानपणींच लावून दिलें होतें, आणि तें फार दुःखद ठरलें. तेव्हां धाकटीच्या लग्नाची त्यांनीं घाई केली नाहीं. ब्राह्मणाची मुलगी सोळा वर्षांची होईपर्यंत अविवाहित राहिली आणि अध्ययन करीत राहिली, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

असें असूनहि ह्या घरच्या शिक्षणांत एक मोठी उणीव होती, आणि ती शेवटीं सर्वांच्या जिवावर बेतली. दक्षिणेंत दुष्काळ पडला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरीं दाणा नाहीं, तेथें पुराणिकास कोण देणार? जवळचें होतें तें दानधर्मांत व क्षेत्रोक्षेत्रीं कधींच खर्चून गेलें होतें. भांडीं गेलीं, वस्त्रें गेलीं. पांच माणसांपैकीं चौघांना संस्कृत ग्रंथांचे ग्रंथ मुखोद्गत होते. पण एकासहि पोट भरण्याचा दुसरा कोणताच धंदा येत नव्हता. मजुरी करावी तर जातीचा अभिमान आड येई, भीक मागावी तर जीभ उचलत नसे. तिरुपतीजवळच्या रानांत त्यांनीं अकरा दिवस पाणी, झाडपाला व थोड्याशा रानखजुरांवर काढले. शेवटीं शास्त्रीबुवांनीं जलसमाधि घेण्याचा निश्चय केला, आणि त्यांच्यामागून सर्वांनीं तेंच करावें असें ठरलें. तेव्हां श्रीनिवास म्हणाला, कीं मी जातीचा अभिमान सोडून पडेल तें हलकें काम करीन, पण तुम्ही जीव देऊं नका. त्या बिचाऱ्यास हें सुचलें, पण फार उशिरां सुचलें.

शास्त्रीबुवा अंध व अगदीं अशक्त झाले होते. मरणापूर्वीं त्यांनीं धाकट्या मुलीस कवटाळून, मी तुला देवाच्या हातीं दिलें आहे, त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचा उपदेश केला. ही १८७४ सालची गोष्ट. त्यानंतर महिनादीड महिन्यांतच लक्ष्मीबाईहि गेल्या. त्या अन्नावांचून पडल्या असतां रमाबाई एका घरीं तुकडा मागावयास गेल्या. अठरा हजार श्लोक न अडखळतां म्हणणारी ती मुलगी त्या दारांत उभी राहिली, आणि लाजेनें तिच्या तोंडून शब्द फुटेना. घरधनिणीनें तें ओळखून भाकरीचा तुकडा दिला. पण तो खाण्याइतकी शक्ति आईच्या अंगीं उरली नव्हती. स्मशान दूर, खांदा देण्यास माणसें पुरेनात. श्रीनिवास व रमाबाई ह्यांनींच तिरडी उचलली, आणि उंची कमी पडूं लागली म्हणून रमाबाईंनीं ती डोक्यावर घेतली. पाठोपाठ कृष्णाबाईहि वारली.

राहिलेलीं दोघें बहीणभाऊ हजारों मैल पायीं हिंडलीं. पंजाबांत झेलमच्या कांठीं थंडीपासून बचाव करण्यासाठीं त्यांनीं वाळूंत खड्डे खणून अंगावर वाळू ओढून रात्र काढली, अशी त्यांची दशा होती. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथें पंडितांनीं ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, आणि ते थक्क झाले. तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या. येथेंच केशवचंद्र सेन ह्यांनीं तिच्या हातीं वेदाची प्रत दिली, आणि वडिलांनीं घातलेलें तें शेवटचें कुंपणहि मोडलें.

ह्यापुढचा वृत्तांत वाचकांस ठाऊक असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास ह्या बंगाली वकिलाशीं जातीबाहेर विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजीं मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीस पटकीनें नेलें. त्या मुलीस घेऊन पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि हंटरसाहेबांच्या शिक्षणमंडळापुढें साक्ष देऊन मुलींकरितां स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर पाहिजेत असें आग्रहानें सांगितलें. १८८३ सालीं विलायतेस गेल्या. तेथें वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमांत त्याच वर्षीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंच्या चरित्रांतील एक बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. लक्ष्मीबाईंनीं जें आपल्यासाठीं केलें, तें रमाबाईंना स्वतःच्या मुलीसाठीं तसेंच करतां आलें नाहीं. चेल्टनहॅम येथें अध्ययन व अध्यापन करीत असतां मनोरमा पुष्कळ काळ वाँटेजच्या भगिनींपाशीं राहिली; पुढें अमेरिकेस जातांना आईनें तिला बरोबर नेलें, पण कांहीं काळानें तिला पुन्हां वाँटेजला धाडावें लागलें. त्या भगिनींनीं मुलीस मायेनें वाढविलें, ह्यांत संशय नाहीं. तरी मुलीस काय शिकवावें ह्याचा निर्णय आपलाच, हा हक्क रमाबाईंनीं कधीं सोडला नाहीं. मुलगी आपल्याच देशबांधवांस परकी होऊं नये, हिंदुस्थानची कन्या म्हणवून घेण्याची तिला लाज वाटूं नये, ह्याविषयीं त्यांनीं पत्रांतून निक्षून लिहिलें. ज्या भगिनींच्या आश्रयास आपण आहों, त्यांच्याशीं असा वाद घालणें सोपें नव्हतें. मूल दुसऱ्याच्या हातीं सोंपवून पोटासाठीं किंवा लोकसेवेसाठीं बाहेर राहावें लागणाऱ्या आईचें दुःख त्या पत्रांत आहे. आणि वसतिगृहांत मुलें ठेवणाऱ्या आमच्या पुष्कळ पालकांना तें परकें वाटूं नये.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानसमारंभासाठीं रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या, त्या अमेरिकेंत दोन वर्षांहून अधिक राहिल्या. तेथें फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनीं मन लावून अभ्यास केला. लाकडी ठोकळे रचावे, कागदाच्या घड्या घालाव्या, माती मळावी, बी पेरून कोंब कसा येतो तें पाहावें, गाणें म्हणत फेर धरावा, आणि ह्या खेळांतूनच मुलास मोजणें, पाहणें, बोलणें यावें, अशी ती रीति आहे. ज्या बाईचें सारें बालपण शब्दांत गेलें, तिला ती इतकी कां भावली, हें वर सांगितलेली दुष्काळाची हकीकत आठवली म्हणजे सहज कळतें. तेथें असतांनाच त्यांनीं मराठी मुलांकरितां क्रमिक पुस्तकें तयार करण्यास घेतलीं.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें, आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हीच पुढें धोंडो केशव कर्वे ह्यांची पत्नी झाली. नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील उपाशी मुलींची वार्ता ऐकतांच रमाबाईंच्या डोळ्यांपुढें काय उभें राहिलें असेल, हें सांगावयास नको. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि सुमारें तीनशें मुली घेऊन आल्या. पुण्यांत प्लेग असल्यामुळें त्यांना शहरांत ठेवतां येईना. तेव्हां केडगांवीं घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. तेंच मुक्ति. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

ह्या मुलींना त्यांनीं वाचन लिहिणें शिकविलेंच, पण तेवढ्यावर थांबल्या नाहींत. सकाळीं जी मुलगी बाराखडी गिरवी, तीच दुसऱ्या प्रहरीं मागावर बसे. कोणी शिवणकाम, कोणी तेलाचा घाणा, कोणी दुभतीं जनावरें, कोणी धुण्याचें काम, कोणी शेत व भाजीमळा. दौंडाकडची ती कोरडी माळजमीन. तेथें विहिरी खणून मळे उठविले. मोठ्या मुली धाकट्यांचें न्हाणें, वेणीफणी, जेवण पाहत, आणि तें करतां करतां घर चालविणें शिकत. अंध मुलींचीहि हयगय झाली नाहीं. शिकून परत आलेल्या मनोरमाबाईंनीं त्यांना बोटांनीं वाचण्याची ब्रेल लिपि शिकविली, आणि त्यांच्या हातांनाहि काम दिलें. जातीनें ब्राह्मण असो वा महार, हाताला काम नको असें म्हणण्याची तेथें कोणास मुभा नव्हती. बाहेरच्या कित्येक भल्या लोकांस हें पसंत नव्हतें. अनाथ मुलींस घाण्यापाशीं उभें करणें त्यांस कठोरपणाचें वाटे. त्यांनीं त्या दारांतला भाकरीचा तुकडा पाहिला नव्हता, असेंच आम्ही म्हणूं.

मुक्तीचा छापखाना ही तर पाहण्यासारखी गोष्ट होती. पवित्र शास्त्राचें प्रचलित मराठी भाषांतर खेड्यांतील बायकांस नीट समजत नाहीं, असें रमाबाईंना दिसून आलें. तेव्हां त्यांनीं उतारवयांत, कान मंद झालेले असतां, हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि संपूर्ण शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करावयास घेतलें. खिळे जुळविण्याचें, छापण्याचें व बांधणीचें काम मुक्तींतील मुली व बायकाच करीत. हें काम कित्येक वर्षें चाललें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें चाळीस होतें. त्या शोकांतहि रमाबाई प्रुफें तपाशीत बसत. शेवटचीं प्रुफें हातावेगळीं झालीं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या.

छापून पुरें झालेलें पवित्र शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, पानांच्या घड्या घालणाऱ्या व तीं शिवणाऱ्या बायकांपैकीं पुष्कळजणी दुष्काळांत केडगांवीं आल्या होत्या, तेव्हां त्यांना एक अक्षरहि ओळखतां येत नव्हतें.